शहाण्णव वेळा अर्धं

आक्कांविषयी बोलायचं म्हटलं की आधी मला माझाच कंटाळा येतो. सगळी नोकरी मी मुलांना गणित शिकवण्यात घालवली. वह्यांचे ढीग तपासले, तांबड्या शाईनं रेघा मारल्या, आणि निवृत्त झालो तेव्हा अंगात नुसता थकवा उरला होता. आकड्यांवर खरा जीव असलेलं माणूस मला सबंध आयुष्यात एकच भेटलं, आणि त्या बाईंना अक्षर वाचता येत नव्हतं.

निपाणीहून चिकोडीकडं जाणाऱ्या वाटेवर एक मोठं गाव आहे. तिथल्या इंग्रजी शाळेत मी गणिताचा मास्तर म्हणून लागलो. मूळचा मी बेळगावजवळच्या कंग्राळीचा. आमच्याकडं भात आणि भाजीपाला. इथं गावाभोवती तंबाखूची रानं आणि गावात तंबाखूच्या वखारी. हवेत सदा बारीक भुकटी. पहिले दोन महिने मी शिंकतच शिकवत होतो. राहायला जागा मिळेना. शेवटी शाळेच्या शिपायानं सांगितलं, की बस्तीच्या मागं, म्हणजे तिथल्या जैन मंदिराच्या मागं, एका विधवा बाईंच्या घरी सोप्यालगतची खोली रिकामी आहे. "अर्धी आक्का म्हणून विचारा, कोणबी दावील," तो म्हणाला आणि उगाच हसला.

आक्का सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, शेंगा फोडत बसल्या होत्या. ठेंगणी, काटक बाई. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, डोळे बारीक. मला वाटलं, नाव-गाव, जात, लग्न झालंय का, असं काहीतरी विचारतील. त्यांनी एकच विचारलं.

"वय काय तुमचं?"

"चोवीस."

त्यांनी शेंग खाली ठेवली आणि हवेत बोट फिरवलं. "चोवीस, बारा, सहा, तीन. तीनदा जातंय. बरं हाय. ऱ्हावा." मग म्हणाल्या, "मी छप्पन्न. मी बी तीनदाच जातो."

आमच्या त्या भागात बायकाही 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. त्यामुळं त्या बोलण्यात मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते हिशेबाचं.

मग घराचे नियम सांगितले. पाणी गाळून प्यायचं. दिवस मावळायच्या आत जेवायचं. कांदा-लसूण घरात आणायचा नाही. "आनि दुपारी मी बसल्यावर हाक मारायची न्हाई. घराला आग लागली तरच मारायची."

दुपारी त्या बसत म्हणजे काय करत, ते पहिल्या रविवारी कळलं. जेवण उरकल्यावर त्यांनी चार मोठ्या दगडी पाट्या आणून सोप्यावर ओळीनं मांडल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या, आणि पहिल्या पाटीवर डावीकडून उजवीकडं एक आकडा लिहिला. ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६. पाठ होता. हात कुठं अडला नाही. त्याच्याखाली त्याचं अर्धं लिहिलं. त्याच्याखाली त्याचं अर्धं. पाटी भरली की दुसरी, चारही भरल्या की पहिली पुसून पुन्हा सुरू. दीड तासानं पाटीवर नुसता एक राहिला. तो त्यांनी थोडा वेळ तसाच ठेवला, मग पदरानं पुसला आणि उठून पाणी प्यायल्या.

मी विचारलं, "आक्का, हे काय?"

"मानसं," त्या म्हणाल्या.

शास्त्रात जगातल्या माणसांची गणती दिलेली आहे आणि ती एकोणतीस आकडी आहे, असं त्यांनी मला समजावलं. ती संख्या शहाण्णव वेळा निम्मी होते. मध्ये कुठंही बाकी राहत नाही, शेवटी एक येतो. एकोणिसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या तेव्हा गावात एका साध्वी माताजींचा चातुर्मास होता. बाकीच्या बायकांना त्यांनी पोथी नेमून दिली. आक्कांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांना हा आकडा दिला आणि निम्मं करायला शिकवलं. रोज एकदा. त्या दिवसापासून आक्कांनी एक दिवस चुकवला नव्हता. तापात केलं, दिराच्या मरणाच्या दिवशी केलं, प्लेगात लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले तेव्हा मातीत काडीनं केलं.

मी गणित घेऊन बी.ए. झालेलो. ऐटीत म्हणालो, "आक्का, हा दोनाचा शहाण्णवावा घात आहे. दोन दुणे चार, चार दुणे आठ, असं शहाण्णव वेळा."

"त्ये तुमी खालनं वर जाता," त्या म्हणाल्या. "मी वरनं खाली येतो. तुमाला फुडं काय येनार ते ठाव न्हाई. मला ठाव हाय."



आकडेमोड चुकू नये म्हणून त्यांची एक युक्ती होती. संख्येच्या शेवटी सहा आहे. पहिल्यांदा निम्मं केलं की शेवटी आठ येतात, मग चार, मग दोन, मग पुन्हा सहा. सहा, आठ, चार, दोन, अशा बरोबर चोवीस फेऱ्या होतात आणि मग एक. तीर्थंकरही चोवीस. म्हणून आक्का एकेका फेरीला एकेका तीर्थंकरांचं नाव घेत. आदिनाथ, अजितनाथ, संभवनाथ, अभिनंदननाथ, असं करत महावीरांची फेरी संपली की एक उरणार. शेपटाचा आकडा फेरीत बसला नाही तर कुठंतरी घसरलंय, मागं जायचं. कितवं चाललंय हे त्यांना वेगळं मोजावं लागत नसे. ही युक्ती त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. पाच-सहा वर्षं करता करता आपली आपण दिसली, म्हणाल्या.  चार वर्षं कॉलेजात घालवून मला आपलं आपण काहीच दिसलेलं नव्हतं.

पुढं आम्ही दोघं त्या संख्येशी खेळायला लागलो. मी म्हणालो, हिला दोनाशिवाय दुसऱ्या कुठल्या मूळ संख्येनं भाग जाणार नाही. त्या म्हणाल्या, मग बाकी किती उरतीय बघू. तिनानं भागलं, एक उरला. पाचानं भागलं, एक उरला. सातानं, नवानं, तेरानं, प्रत्येक वेळी एकच. आक्कांना त्याचा केवढा आनंद झाला! "मानसं कशीबी वाटा मास्तर, एक मानूस भाईर ऱ्हातंयच," म्हणाल्या, आणि आठवडाभर येईल त्याला हे सांगत सुटल्या. पाणक्याला, कासाराला, दूध घालणाऱ्या बाईला. अकरानं भागल्यावर मात्र नऊ उरतात. ते त्यांना मुळीच आवडलं नाही. पुढं अकराचं नाव काढलं की त्या विषय बदलत.

गावानं त्यांना अर्धी आक्का नाव ठेवलं होतं, ते निम्मं करण्यावरूनही आणि डोक्यावरूनही. आक्कांना ते ठाऊक होतं. त्यांचं काही म्हणणं नव्हतं. भेटेल त्याचं वय विचारून त्या ते निम्मं करत. नवा पोस्टमन एकतीस वर्षांचा निघाला. "पयल्यालाच अडलं की रं बाबा," म्हणून त्यांनी त्याला गुळाचा खडा दिला. मला पंचविसावं लागलं तेव्हा म्हणाल्या, "औंदा न्हाई जात तुमी. जपून ऱ्हावा." सव्विसाव्याला म्हणाल्या, "येकदा जातंय. तेवढंच बरं."

त्या सव्विसाव्या वर्षी ते झालं.

आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष गावातले मोठे वखारवाले होते. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणे. वडिलांच्या नावानं त्यांनी बस्तीपुढं नवा मंडप बांधला. त्यांच्याकडं उतरलेल्या एका पंडितांनी सुचवलं, की मंडपात शिरताना डाव्या हाताला काळ्या दगडावर शास्त्रातली माणसांची संख्या कोरा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडेल. पंडितांनी ती एका कागदावर लिहून दिली आणि ते दक्षिणेकडं निघून गेले. पोथीही त्यांच्याबरोबरच गेली. पाथरवटानं कागद समोर ठेवून दगड कोरला. दगड उभा राहिला, पूजा झाली, गावजेवण झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का दर्शनाला गेल्या आणि दगडापुढं उभ्या राहिल्या. अक्षर येत नसलं तरी आकडे त्यांना येत होते. मधोमध, डावीकडून मोजा की उजवीकडून, पंधरावा आकडा तीन आहे. दगडावर तिथं सहा होता.

त्या तडक घरी आल्या. पाट्या मांडल्या. पहिल्यांदाच मी त्यांना सकाळी बसलेलं पाहिलं. त्यांनी दगडावरचा आकडा लिहिला आणि निम्मं करायला सुरुवात केली. तीनदा केलं. मग मला हाक मारली.

"मास्तर, दगडातली मानसं अडल्यात. आदिनाथ झालं, अजितनाथ झालं, संभवनाथ झालं. अभिनंदननाथांच्या फेरीला सहा आलं, आठ आलं, आनि चाराच्या जागी नऊ. चौदाव्या बारीला. आता नवाचं निम्मं कसं करू?"

त्या तशाच उठून अण्णांच्या वखारीत गेल्या. मीही मागोमाग गेलो. अण्णा नात्यानं त्यांचे लांबचे भाऊ लागत. त्यांनी आक्कांना बसायला पाट दिला, सगळं ऐकून घेतलं आणि पेटीतून पंडितांचा कागद काढला. कागदाची घडी बरोबर मधोमध पडली होती आणि घडीवर तो झिजला होता. तिथला आकडा तीन म्हणावा तर तीन, सहा म्हणावा तर सहा. पाथरवटानं सहा वाचला होता.

"मग तीन कशावरनं?" अण्णा म्हणाले. "तुजं पाठांतर चुकलं नसंल कशावरनं आक्का?"

"माजं पाठांतर ऱ्हाऊ दे बाजूला. कागद बी ऱ्हाऊ दे. निम्मं करून बघ. आकडा सोताच सांगतोय खरं काय ते."

वखारीतली माणसं हसली. एक जण म्हणाला, "आता दगूड बी अर्धाच ठेवा म्हनावं अण्णा."

अण्णा हसले नाहीत. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, तुमी गणिताचं. परवा ऐतवारी सकाळी पंचांस्नी बस्तीत बोलीवतो. दोनी आकडं तपासा आनि समद्यांफुडं सांगा. तुमी म्हनशीला ते खरं."

त्या वेळी मी शाळेत कायम झालेलो नव्हतो. माझ्या कायमपणाचा प्रश्न त्याच आठवड्यात कमिटीपुढं येणार होता. बायको कंग्राळीला होती, तिला दिवस गेले होते, आणि थोरल्या भावाच्या चुलीवर आणखी किती दिवस काढायचे असं तिनं पत्रातून विचारलं होतं. दुसऱ्या एका शाळेतून मला आधीच एकदा उन्हाळ्यात घरी बसवलं होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात काय होतं ते सांगतोय.

शनिवारी दुपारी मी खोलीत बसून दगडावरचा आकडा निम्मा करायला घेतला. चौदाव्यांदा शेवटी नऊ आले. पुन्हा केलं, पुन्हा नऊ. मी कागद घेऊन बाहेर आलो. आक्का आपल्या पाट्या पुसत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मला दावू नका. उद्या समद्यांफुडं सांगा." त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी शेवयांची खीर केली. एवढ्या वर्षांत आपला आकडा कुणीतरी दुसऱ्यानं करून बघितला, याचंच त्यांना अप्रूप वाटत असावं.

रविवारी बस्तीच्या अंगणात तीस-चाळीस माणसं जमली. एका बाजूला पुरुष, खांबापलीकडं बायका. आक्का खांबाला लागून बसल्या होत्या. अण्णा मध्ये उभे होते.

"बोला मास्तर. काय म्हनतोय आकडा?"

मी उभा राहिलो.  हातात कागद होता, त्यावर चौदा ओळी होत्या आणि चौदाव्या ओळीच्या शेवटी नऊ होते. मी म्हणालो, "दोन्ही संख्या सम आहेत. दोन्हींना दोननं भाग जातो."

"म्हंजे दगडावरच्या बी जातो?" एका पंचानं विचारलं.

"जातो."

"आनि आक्काच्या बी जातो?"

"जातो."

"मग झालं की! तंटा कशापायी?"

माझ्या बोलण्यात खोटा शब्द एकही नव्हता. दोन्हींच्या शेवटी सहाच आहे, चौथीतल्या पोरालाही ते सांगता आलं असतं. माणसं उठायला लागली. अण्णा मात्र जागचे हलले नाहीत. माझ्याकडं बघत राहिले. ती नजर मला धमकीची वाटली आणि मी मान खाली घातली.

तेवढ्यात खांबापासून आक्कांचा आवाज आला. मोठा नव्हता.

"फुडं सांगा मास्तर."

मी म्हणालो, "फार मोठी संख्या आहे, आक्का."

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि अंगणातून निघून गेल्या. त्यांना कुणी अडवलं नाही. मागं एक-दोघं हसली. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

त्याच आठवड्यात मी कायम झालो.

घरी परतलो तेव्हा वाटलं होतं, आक्का खोली सोडायला सांगतील. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी दिवस मावळायच्या आत ताट वाढलं, भाकरी वाढली, ताक हवं का विचारलं. दुसऱ्या दिवशीपासून दोनच गोष्टी बदलल्या. दुपारी त्या सोप्यावर बसेनाशा झाल्या; आत बसत आणि दार लोटून घेत. बाहेर मला नुसती नावं ऐकू येत, आदिनाथ, अजितनाथ, संभवनाथ. आणि दर्शनाला त्या गावातल्या बस्तीत जाईनात. शेजारच्या गावात एक लहान बस्ती आहे, दीड मैलावर. रोज सकाळी चालत तिथं जायच्या आणि चालत यायच्या. पावसाळ्यात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, चिखलातून. कुणी विचारलं तर म्हणत, "पाय मोकळं व्हत्यात."

त्यानंतर माझं वय त्यांनी कधी निम्मं केलं नाही. बत्तिसावं लागलं तेव्हा मीच वाट पाहिली. बत्तीस पाच वेळा जातं, थेट एकापर्यंत. त्यांना स्वतःला चौसष्टावं लागलं तेही त्याच साली. चौसष्ट सहा वेळा जातं. पूर्वीच्या आक्का असत्या तर गल्लीभर सांगत फिरल्या असत्या. त्यांनी तो विषयच काढला नाही.

माझी बायको आली, मुलगी झाली. बायकोचं आणि आक्कांचं चांगलं जमलं. दोघी मिळून सांडगे घालत, कुरडया घालत. एकदा बायकोनं विचारलं, "आक्कांचं नि तुमचं काय बिनसलंय?"

"काही नाही," मी म्हणालो. खरंच, सांगण्यासारखं काय होतं? भांडण झालं नव्हतं. अबोला नव्हता. चहा घ्या, पाऊस येईल, मुलीला खोकला झालाय, असं सगळं बोलणं रोज होत होतं. मी शाळेत जाई, वह्या तपासून परत येई. जाता-येता बस्तीवरून वाट होती. मंडपातला दगड रस्त्यावरून दिसत नाही, तरी मी पलीकडच्या अंगानं जात असे. पुढं मुख्याध्यापक झालो. वर्गात मोठी संख्या फळ्यावर लिहायची वेळ आली की मला दमल्यासारखं होई.

देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या उन्हाळ्यात अण्णांनी अंथरूण धरलं. शाळेच्या नव्या खोल्यांचं काही बोलायचं होतं म्हणून त्यांनी मला बोलावलं. दुपारची वेळ होती. त्यांच्या सुनेनं पन्हं आणून दिलं आणि ती आत गेली. खोल्यांचं बोलणं झालं. मी उठलो आणि तसाच परत बसलो. इतकी वर्षं जे सांगायचं राहिलं होतं ते त्या दिवशी का सांगितलं, हे मला नीट सांगता येणार नाही. बहुधा दमलो होतो म्हणून.

"अण्णा, मंडपातला आकडा चुकलाय. आक्कांचं बरोबर होतं."

"ठाव हाय मला," अण्णा म्हणाले.

"केव्हापासून?"

"ऐतवारच्या आदी दोन दिस. आक्का वखारीतनं गेली, आनि मी दार लावून बसलो. म्या बी शिकलोय की आठवीपतूर. चौदाव्याला अडलं."

 "मग दगड बदलला का नाही?"

अण्णा उशीवर जरा वर सरकले. धाप लागली होती, तरी बोलले. "आवो, मी बसीवल्याला दगूड मीच कसा काढू? बाईमानसाच्या बोलन्यावर काढला असता तर उद्या बस्तीत माजं कोन ऐकलं असतं? म्हनून तर तुमास्नी बोलीवलं. बी.ए. झाल्यालं मानूस, परगावचं, ना हिकडचं ना तिकडचं. तुमी चुकलंय म्हनायचं, मी समद्यांफुडं हात जोडायचं, दगूड उतरवायचा. पाथरवटाला दोन दिस धर्मशाळेत ठेवून घेतलंतं मी, त्येच्या हत्यारासकट. आनि तुमी आपलं दोननं भाग जातो म्हनून बसलासा."

"मला वाटलं, तुम्हाला राग येईल. माझ्या कायमपणाचं..."

"त्यो कागद? त्येच्यावर तर आदीच सही केलती मी. मीटिंगीत नुस्ता वाचायचा ऱ्हायलाता."

बाहेर कुणीतरी बैलांना पाणी पाजत होतं. मी पन्ह्याचा पेला उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. तसेच म्हणाले, "आता सांगा की समद्यांस्नी. मी जायच्या आत व्हऊ दे."

त्यानंतरच्या रविवारी मी बस्तीत उभा राहून सांगितलं. माझा तोच जुना कागद हातात धरून चौदाही ओळी वाचल्या. ऐकायला दहा-बारा माणसं होती. निम्म्यांना तो जुना तंटा आठवतही नव्हता. कुणी रागावलं नाही, कुणी विचारलं नाही की तेव्हा का नाही बोललात. अण्णांच्या मुलानं पाथरवट आणला. कोरलेला सहा पुसता येत नाही. म्हणून त्यानं तेवढा चौकोन छिन्नीनं काढून टाकला आणि त्यात दुसऱ्या दगडाचा तुकडा बसवून तीन कोरला. तुकडा जरा फिका आहे, लगेच नजरेत भरतो. काम पुरं झाल्याचं कळलं आणि अण्णा आठवड्यानं गेले.

दगड बसवला त्या दिवशी मी घाईघाईनं घरी आलो. आक्का सोप्यावर मिरच्यांचे देठ काढत होत्या. तोवर त्यांना बरंच कमी दिसत होतं. देठ बोटांनी चाचपून काढायच्या.

"आक्का, आकडा दुरुस्त झाला. तीन घातला. चला, दाखवतो."

"कळलं मला. शिपाई सांगून गेला."

"मग चला की. हळूहळू जाऊ."

"कशाला?"

"तुमचं खरं होतं, ते आता सगळ्यांना कळलं." मग अण्णा काय म्हणाले होते तेही मी सांगितलं. पाथरवट थांबवून ठेवला होता ते सांगितलं, माझ्या कागदावर आधीच सही झाली होती ते सांगितलं. त्या ऐकत होत्या, हात चालू होते. शेवटी मी म्हणालो, "चुकलं माझं, आक्का."

त्यांनी मिरच्यांचं सूप बाजूला सारलं.

"मास्तर, दगूड चुकला म्हनून मला काय वाईट वाटलं न्हवतं. पाथरवट अडानी, कागद फाटका. चुकायचंच. मी खरी का खोटी, ह्येचं बी मला काय न्हाई. मी रोज करतो, मला ठाव हाय. गाव हसतंय, त्ये आदीपासनंच हसतंय." त्यांनी बोटं पदराला पुसली. "पर तुमी यायच्या आदी सदतीस वरसं मी त्ये एकलीच करत हुतो. मग तुमी आलासा. तिनानं भागून बघू म्हनलासा, पाचानं भागून बघू म्हनलासा. मला वाटलं, आता दोघं हाय. त्या ऐतवारी मला कळलं, कोन न्हवतंच."

मी म्हणालो, "आज बसू या का दोघं? मी लिहितो, तुम्ही नावं घ्या."

"नगो," त्या म्हणाल्या. रागानं नाही. दमलेलं माणूस आणखी चार पावलं चालायला नको म्हणतं, तसं. आणि सूप पुढं ओढून घेतलं.

त्यानंतर आक्का वर्षभर होत्या. आम्ही रोज बोलत होतो. पाण्याचं, पावसाचं, मुलीच्या शाळेचं, निपाणीच्या बाजारात काय मिळतं त्याचं. दुपारी दार लोटलेलं असे आणि आतून नावं ऐकू येत, सावकाश, मध्ये बराच वेळ थांबून. मी बाहेर वह्या तपासत बसायचो. दार उघडंच होतं, नुसतं लोटलेलं. पण आत जा म्हणून मला माझ्या पायांना सांगता आलं नाही.